रात्री कोणी उठवलं?

परवा रविवारी दिंडोरीला धाकट्या दिरांकडे गेले होते. गोडी छाटणी होऊन बाग सहा-सात पानांवर आलेली आणि आभाळ भरलेलं. अशा वेळी डावणीची धास्ती. पान रात्रीत किती तास ओलं राहिलं यावर फवारणी ठरते. ते कळावं म्हणून भाऊजींनी बागेत एक पेटी बसवली आहे. ती तासातून एकदा जागी होते, नोंद घेते आणि झोपते. पण गेल्या आठवड्यात तिसऱ्याच रात्री तिची बॅटरी संपली आणि नेमका त्याच रात्री पाऊस झाला.

माझा भाचा पुण्यात अशाच पेट्यांचं काम करतो. त्याने आदल्या दिवशीच बॅटरी बदलून एक रात्र जाऊ दिली होती. सकाळी लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "मावशी, हिला कोणीतरी सारखं उठवतंय. बघू कोण ते." पडद्यावर तक्ता उमटला. डावीकडे नाव, पुढे किती वेळा उठवलं, एकूण किती वेळ जागं ठेवलं, शेवटचं कधी. अगदी मस्टरच! इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे असं दप्तर दिसलं की मला राहवत नाही. हे लिहायला कोणी सुरुवात केली, ते त्याला खोदून खोदून विचारलं.

पेटीत लिनक्स आहे. त्याचा गाभा म्हणजे कर्नल, आणि एकेका भागाशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. (मला ड्रायव्हर म्हटलं की एस.टी.च आठवते. असो.) पूर्वी कर्नलजवळ कोणाला उठवायची परवानगी आहे एवढीच यादी असे. प्रत्यक्षात कोणी उठवलं याची नोंद नसे. भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या संगणकाला त्याचं काय!

2008 साली अँड्रॉइडचा पहिला फोन निघाला. तो जमेल तेव्हा झोपे. ज्या ड्रायव्हरचं काम चालू असेल तो 'आत्ता झोपू नको' म्हणून एक कुलूप लावे आणि त्या कुलपांचा हिशेब राही. 2009 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी ही सोय मूळ लिनक्समध्ये घ्या म्हणून पुढे केली. जुनी मंडळी तयार होईनात. वाईट प्रोग्राम सुधारा, त्यांच्यापायी सगळ्या ड्रायव्हरांत कुलपं कशाला, असं त्यांचं म्हणणं. 2010च्या उन्हाळ्यात तर कडाक्याचा वाद झाला.

वाट काढली पोलंडच्या राफाएल विसोत्स्की यांनी. 2010च्या ऑक्टोबरात आलेल्या 2.6.36 या आवृत्तीत त्यांनी नुसता एक आकडा ठेवला, उठवणाऱ्या घटना किती झाल्या याचा. झोपण्याआधी तो वाचायचा आणि तोच परत लिहायचा. मधे आकडा वाढला असेल तर झोप रद्द. दार लावता लावता आलेला पाहुणा बाहेर राहू नये, एवढीच युक्ती! पाठोपाठ प्रत्येक उठवणाऱ्याच्या नावे वेगळी नोंद आली. भाच्याने दाखवला तो तक्ता हाच. 2012 मध्ये, 3.5 आवृत्तीत, नाकारलेली कुलपंही वेगळ्या रूपात आत आलीच. मला तर वादात हरलेल्यांचंच जास्त कौतुक वाटलं.

या दप्तराला एक खोट आहे. ड्रायव्हरने स्वतः सांगितलं तरच नोंद होते. ड्रायव्हर लिहिणारा विसरला तर उठवणारा निनावी. म्हणून 2015च्या सुमारास झोप मोडणाऱ्या इंटरप्टचा क्रमांक दाखवायची सोय झाली. सरदाराने स्वतःबद्दल सांगितलेली हकिगत आणि नाक्यावरच्या चौकीची नोंद, यांत जो फरक तोच इथे.

आमच्या तक्त्यात घड्याळाच्या नावे त्या रात्रीच्या दहा नोंदी होत्या. बरोबर. पण पर्जन्यमापकाच्या नावे सहाशे चौदा! पाऊस तर थेंबभर नव्हता. वायरचा सांधा सैल होता. वारा आला की तो हलायचा आणि पेटीला वाटायचं, पाऊस आला. भाच्याने सांधा आवळला, वर टेप गुंडाळली.

भाऊजी तोवर बागेत फिरून आले. त्यांच्या हातात चार पानं होती, चारही पानांवर तेलकट डाग. काही न बोलता ते पंप काढायला गेले.