वाकळीतले बांध

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते लेणं भिक्खूंना दान दिलं, आणि पुढच्या खर्चाचीही सोय लावून दिली. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने; दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण दराने. मोठ्या ठेवीचं व्याज कशासाठी? तर लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण ‘चीवरिक’, म्हणजे वस्त्राचे पैसे. गुणाकार करून पाहा, वर्षाचे २४० चोख जुळतात. (वर चिखलपद्र गावातली नारळाची ८,००० झाडं. मागच्या लोकांचं दान देणं काही औरच.)

हा लेख वाचणारे बहुतेक जण व्याजदरात रमतात, आणि रमावं असाच तो आहे. मी अडकले चीवरिकापाशी. चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र हे ठाऊक होतं, पण ते शिवतात कसं हे शोधायला गेले आणि थेट आपल्या गोधडीच्या पायथ्याशी येऊन पोचले. विनयपिटकातल्या महावग्गात ती गोष्ट आहे. बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे निघाले होते. वाटेत मगधातली भातखाचरं लागली: चौकोनी वाफे, मधून गेलेले बांध, आडवे बांध जिथे उभ्यांना छेदतात ते चौक. शिष्य आनंदाला ते म्हणाले, भिक्खूंची वस्त्रं अशी करता येतील का? आनंदाने तसं चीवर शिवून दाखवलं. त्यात लांब तुकडा आहे, अर्धा तुकडा आहे. मधल्या पट्ट्यांना कुसी आणि अड्ढकुसी अशी नावं आहेत, आणि चहूबाजूंनी काठ आहे. बुद्धांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं: थोडक्यात सांगितलेलं याला विस्ताराने कळतं. तुकडे जोडून शिवायच्या वस्त्राचा नमुना कुणी आखला याची नावानिशी नोंद म्हणून मला हीच माहीत आहे, आणि तो नमुना भातशेताचा आहे.

अखंड कापड असताना ते कापून पुन्हा जोडायचं कशाला, हा प्रश्न कुणाही गृहिणीला पडेल. महावग्गाचं उत्तर व्यवहारी आहे: कापलेलं, टाके पडलेलं कापड श्रमणाला शोभतं आणि त्यावर कुणाचा डोळा राहत नाही. सुरुवातीला भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या धुऊन त्यांचं वस्त्र करत. त्याला पांसुकूल म्हणत. पुढे जीवक वैद्याने उंची कापड दिलं आणि दात्यांची वस्त्रं घ्यायची मुभा मिळाली. तेव्हा नव्या कापडाचीही चिंधी करायची, मग ती जोडायची, हा नियम कामाला आला. खंडांची संख्या विषम, पाचापासून पुढे. जपानात याच चीवराचा, म्हणजे काषायाचा, ‘केसा’ झाला आणि पट्ट्या २५पर्यंत गेल्या. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला १९०७मध्ये चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेत रेशमी तुकड्यांचं जोडवस्त्र मिळालं, ते आता लंडनला आहे. त्याचं चित्र कुठल्याही मराठी आजीला दाखवा. ती विचारील, कुणाची गोधडी?

आता गोधडीकडे. वाकळ, गोधडी, लेप, चौघडी, तान्ह्या बाळाचं दुपटं ही सारी एकाच घरातली भावंडं. चौघडी चार पदरांची, दुपटं दोन पदरांचं. नावातच हिशेब आहे. पण ‘गोधडी’ आणि ‘वाकळ’ या थोरल्या दोघींची कुळं काढायला गेलं की भांडण सुरू होतं.

गोधडीत ‘गो’ दिसला की गाईकडे धाव घ्यायची आपल्याला सवय आहे. ते सोडून द्यावं. हिंदीत गुदडी आहे, गुजरातीत गोदडी आहे, आणि चिंध्यांना हिंदीत गूदड म्हणतात. आपली गोधडी त्याच गोतावळ्यातली, गाईचा तिथे संबंध नाही. मग मराठीत ‘द’चा ‘ध’ कुठून आला? माझा तर्क असा की शेजारच्या धडप्याने आणि धडुत्याने तो दिला. जुन्या लुगड्याचा धडपा हीच गोधडीची कच्ची सामग्री. रोज हाती असलेला शब्द दुसऱ्या शब्दाच्या तोंडात शिरतो, हे मराठीत ठायी ठायी दिसतं. यावर कुणी हसलं तर हसू द्या, याहून बरा तर्क मला अजून भेटलेला नाही.

वाकळ मात्र सरळ आहे, आणि खरी गंमत तिच्यात आहे. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ: प्रत्येक पायरी नियमाला धरून. वल्कल म्हणजे झाडाच्या सालीचं वस्त्र, अरण्यातल्या तपस्व्याचं. साताऱ्या-सांगलीकडची बाई थंडीत पोराला जे पांघरते त्याचं नाव ऋषीच्या वस्त्राचं! बंगालची बहीण बघा: कांथा, म्हणजे संस्कृत कंथा. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर तुकड्यांची कंथा विरक्ताच्या अंगावर आहे. नाथपंथी जोगी कंथा पांघरून फिरतात. पाणिनीला कंथा भेटते ती गावांच्या नावाच्या शेवटी, आणि पाणिनीचे अभ्यासक वासुदेवशरण अग्रवालांनी ती समरकंदातल्या ‘कंद’शी जोडली. गोधडीला समरकंदाला नेऊन पोचवायचा मोह मलाही झाला. पण ती कंथा गाववाचक, ही चिंधीवाचक. दोघींची नावं जुळली म्हणून सोयरीक होत नाही. सोडलं.

सोडलं नाही ते हे: वाकळ आणि कंथा, दोन प्रांतांतल्या दोन पांघरुणांची नावं वैराग्याच्या कपाटातून निघतात. आपल्याकडे तर माणसांनाही ते नाव चिकटलं. चिंध्यांचं वस्त्र अंगावर घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला गोदड महाराजांची रथयात्रा निघते. शाल म्हटलं की श्रीमंताचा खांदा डोळ्यांसमोर येतो, गोधडी म्हटलं की एक तर आजी येते नाही तर बैरागी.

यावरून गोधडी बैराग्याकडून घरात आली म्हणावं, तर इथे पहिला प्रतिस्पर्धी उभा राहतो. तो म्हणतो, उलटं असेल. गरिबाच्या घरी ठिगळं जोडून पांघरायची रीत आधीपासूनच होती, संन्याशाने ती उचलली. त्यात आनंदाचं काय कौतुक? अर्धं मला मान्य आहे. सुई आणि चिंधी जिथे आहे तिथे ठिगळ आहे, मंगोलियात आहे, मिसिसिपीकाठी आहे. त्याची पुढची हरकत अधिक नेमकी आहे: कापड उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ फाटतं, म्हणून तुकडे आपोआप चौकोनी पडतात, त्याला मगधाचं शेत कशाला हवं? खरं आहे. पण चौकोन आपोआप पडले तरी बांध आपोआप पडत नाहीत. दोन चौकोनांमध्ये मुद्दाम वेगळ्या रंगाची पट्टी घालायची, सगळ्याला भोवताली काठ द्यायचा, लांब तुकड्याशेजारी आखूड तुकडा ठेवायचा, ही मांडणी कुणी तरी आखावी लागते. माझं म्हणणं एवढंच आहे: टाका घरातून मठात गेला, मांडणी मठातून घरात आली. लेण्यांमधून शतकानुशतकं चीवरं शिवली जात होती. नाशकात आणि कान्हेरीत त्यासाठी कोरीव लेखातली दानं आहेत. कापड विणणारे गावातले, दाते गावातले. त्यांनी ती मांडणी पाहिलीच नसेल, असं म्हणायला जास्त धाडस लागतं.

दुसरा प्रतिस्पर्धी समुद्रावरून येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले, तिथून पळून जंगलात वसलेले. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कलाभ्यासकाने या कवंदी जगापुढे आणल्या. त्या पाहून काहींच्या मनात येतं की दख्खनची ठिगळगोधडीच आफ्रिकेतून आली असेल. रंग बघितले की क्षणभर पटतंही: लालाशेजारी हिरवा, मधेच पिवळ्याचा झटका, आणि चारी कोपऱ्यांत दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’. ती नसतील तर कवंदी नागडी वाटते असं त्या बायका मानतात. पण नाव ऐका. उत्तर कर्नाटकात सिद्दी नसलेल्या घराघरांत कौदी शिवतात. कवंदी ही त्या कौदीचीच नात्यातली. रंगाचा जोर सिद्दींचा, टाका आणि पांघरूण इथलं, असा माझा निवाडा आहे. पोर्तुगीजांनी बंगालच्या सातगावाहून पिवळ्या रेशमाच्या कशिद्याच्या रजया मागवल्या, त्या वेगळ्या वाटेच्या. राजवाड्यात गेलेल्या गोधडीचा इथे विचार नाही.

कागदावरचं पुरे झालं म्हणून मी साताऱ्याच्या मावशीकडे जाऊन बसले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिच्या माजघरात वाकळ पसरलेली असते. एका कोपऱ्यात नात आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापत बसलेली, दुसऱ्या कोपऱ्यात चकलीच्या भाजणीचं पातेलं, आणि मधल्या जागेत खाली धोतराचं अस्तर, त्यावर जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळं. वाकळीवरून कुणी चालत गेलं की मावशी ओरडते. आधी ती लांब लांब कच्चे टाके घालते, चार बोटांवर एक, थर सरकू नयेत म्हणून. मग कडेने पक्का धावदोरा, एक फेरा झाला की आत दुसरा, असं घेर कमी करत मध्यापर्यंत. शेवटी कच्चे टाके ओढून काढते. “मधनं सुरू का करत नाहीस?” असं विचारलं तर म्हणाली, “अगं, कड आधी धरावी लागते. कड सुटली तर आतलं काय धरून राहील?” अंगठ्याशेजारच्या बोटाला तिने चिंधी गुंडाळलेली असते, सुई टोचू नये म्हणून.

तिथे बसल्या बसल्या मला विनयपिटकातला चुल्लवग्ग आठवला. वस्त्र शिवताना भिक्खूंना आलेल्या अडचणी त्यात एकामागून एक येतात, आणि बुद्ध दर वेळी एकेक वस्तू वापरायची परवानगी देतात. आधी पिसाने आणि बांबूच्या कामटीने शिवत, शिवण वाईट येई, म्हणून सुई. सुई गंजे, म्हणून तिला नळी. बोटं टोचत, म्हणून अंगुस्तान. दोरा वाकडा जाई, म्हणून ‘मोघसुत्तक’, म्हणजे खोटा दोरा, ओळ सरळ राहावी यासाठी. मावशीचा कच्चा टाका तो हाच, नाही तर त्याचा सख्खा भाऊ. कापड ताणून धरायला लाकडी चौकट आली, तिचं नाव कठिन.

त्या चौकटीवरून एका सणाला नाव मिळालं. तीस भिक्खू श्रावस्तीला निघाले होते, वर्षावास लागल्याने साकेतातच अडकले. पावसाळा संपताच चिखल तुडवत, ओल्या चीवरांनी बुद्धांपाशी पोचले. तेव्हा कठिनाची मुभा मिळाली: आश्विन पौर्णिमेनंतरच्या महिन्यात लोकांनी कापड द्यावं, आणि भिक्खूंनी सगळ्यांनी मिळून त्याच दिवसात ते शिवून पुरं करावं. बांगलादेशातल्या रांगामाटीला चाकमा बायका तर कापूस कातण्यापासून रंगवणं, विणणं, शिवणं सगळं २४ तासांत उरकतात. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या विहारांतही कठिन चीवरदान होऊ लागलं, अगदी दिवाळीच्या आगेमागे.

आता आपल्या खेड्यातलं पंचांग बघा. घट बसायच्या आधी गावोगावच्या बायका घरातली एकूण एक गोधडी नदीवर नेऊन धुतात. पावसाळाभर ओल धरलेली वाकळ बडवून काठावर वाळत घालायची, उसवलेली पुन्हा शिवायची. कुणी याला निव्वळ सोवळ्याचा भाग म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. भाद्रपदाचा शेवट ते कार्तिक, पाऊस गेलेला, नदीला स्वच्छ पाणी, ऊन कडक: ओलं वस्त्र दुरुस्त करायचे दिवस भिक्खूंना आणि आपल्या आयांना एकाच हवामानाने नेमून दिले. इथे कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणणार नाही. उसनवारी असेल ती मांडणीत आहे, महिन्यात नाही.

या साखळीत मधली हजारेक वर्षं रिकामी आहेत, कारण कापड कुजतं आणि जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. म्हणून आता काम तुमचं आहे. पुढच्या नवरात्राआधी घरातल्या जुन्या गोधड्या धुवायला निघतील तेव्हा आजीच्या हातची एखादी बाजूला काढा. चौकोनांच्या मधे वेगळी पट्टी आहे का, काठ निराळ्या कापडाचा आहे का, धावदोरा कडेने सुरू होतो की मधून, कोपऱ्यात त्रिकोण आहे का, आणि घरात तिला काय म्हणतात, एवढं वहीत लिहा, गावाचं नाव घाला, आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. उसवून आतला थर पाहता आला तर फारच उत्तम. पण आजीला विचारून.