निकट रंगभूमी : दीपनगर व खान्देशातील खेडी

निकट रंगभूमी : नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पडदा, उंच मंच किंवा मोठे अंतर न ठेवता, मोजक्या लोकांसमोर आणि बहुधा नाट्यगृहाबाहेरच्या जागेत होणारा नाट्यप्रयोग. नाट्यवर्तुळात याला सर्रास 'इंटिमेट थिएटर' म्हणतात. ओटा, अंगण, खळे, शाळेचा वर्ग, समाजमंदिर, जिनिंगचे आवार अशी कोणतीही जागा त्याला चालते. प्रस्तुत नोंदीत जळगाव जिल्ह्यातील दीपनगर, त्याभोवतालची खेडी आणि एकूण खान्देश यांच्या संदर्भात या प्रकाराचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांनी ऑगस्ट फाल्क यांच्या साथीने १९०७ मध्ये स्टॉकहोम येथे 'इंटिमा थिएटर' सुरू केले. त्यात १६१ आसने होती. तो प्रयोग शहरी रसिकांसाठी होता. भारतात हीच जवळीक खेड्याकडे वळवण्याचे मोठे काम बादल सरकार यांनी केले. व्यवसायाने नगररचनाकार असलेल्या सरकारांनी १९६७ मध्ये कोलकात्यात 'शताब्दी' ही संस्था काढली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी चौकटीचा रंगमंच सोडून 'अंगनमंच' स्वीकारला. नटांचे देह आणि आवाज एवढ्याच भांडवलावर उभी राहिलेली त्यांची नाटके पुढे बंगालमधील खेड्यांतून फिरली. महाराष्ट्रात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जी चळवळ चालवली, तिने मराठी नटाला प्रेक्षकाच्या अगदी जवळ उभे राहायला शिकवले. मात्र छबिलदासचा प्रेक्षकही शहरीच होता.

खेड्यापर्यंत पोहोचलेल्या मराठी प्रयोगांत सुषमा देशपांडे यांचे 'व्हय, मी सावित्रीबाई' हे एकपात्री नाटक महत्त्वाचे आहे. १९८९ पासून ते नेपथ्याविना गावोगाव झाले. सावित्रीबाई थेट समोर बसलेल्यांशी बोलतात, त्यामुळे मंच नसला तरी काही अडत नाही. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेत दोनच पात्रे आहेत. पाण्याभोवतीचा जातीचा प्रश्न प्रत्यक्ष वस्तीत मांडला गेला की त्याची धार नाट्यगृहातल्यापेक्षा कितीतरी वाढते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून 'रिंगणनाट्य' उभे केले. प्रेक्षक गोल बसतात, मधल्या रिंगणात कार्यकर्तेच नट होतात. पथनाट्याची घोषणाबाजी टाळून शांतपणे विचार पोहोचवता येतो, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

खान्देशातील जुनी सवय : खान्देशात अंगणात बसून खेळ पाहणे नवे नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. त्या गाण्यांत सासू, सून, दीर, माहेर अशी पात्रे असतात आणि त्यांचे सवालजवाबही चालतात. एका ओट्यावर हे सारे घडते, गाणाऱ्या कोण आणि ऐकणाऱ्या कोण हे वेगळे राहत नाही. डफाच्या साथीने होणारे वहीगायन, पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतला डोंगऱ्या देवाचा उत्सव आणि सोंगे नाचवणारा बोहाडा यांतही पाहणारे हाताच्या अंतरावर असतात. जत्रेत तंबू ठोकून उभा राहणारा तिकिटाचा तमाशा मात्र या परंपरेहून वेगळा. विदर्भातील झाडीपट्टीचे नाटकही ग्रामीण असले तरी ते हजारोंच्या गर्दीचे, म्हणजे निकट नव्हे. ग्रामीण आणि निकट या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत, हे नीट लक्षात घेतले पाहिजे.

दीपनगर : भुसावळजवळील औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. ५०० मेगावॅटचे दोन संच असलेल्या या केंद्रामुळे राज्याच्या सर्व भागांतले कर्मचारी येथे राहायला आले. फेकरी, साकरी, वेल्हाळे ही गावे जवळच आहेत. वसाहतीत प्रमाण मराठी, बाहेर तावडी आणि लेवा गणबोली, शिवाय धुळ्याकडून आलेल्यांची अहिराणी असा बोलींचा मेळ इथे ऐकू येतो. वीज केंद्रांतील हौशी नट पाळ्या सांभाळून तालमी करतात. रात्रपाळीचा नट पहाटे घरी येतो आणि दुपारी संवाद पाठ करतो. ही चिकाटी मोठी आहे. पण तिचे फळ बहुतेक वेळा स्पर्धेच्या मंचापुरते राहते, कुंपणापलीकडच्या गावाला ते क्वचितच चाखायला मिळते.

जागेची निवड : निकट रंगभूमीत जागा निवडणे म्हणजे प्रेक्षक निवडणे, आणि या प्रकारातला सर्वांत कठीण निर्णय तोच असतो. पारावर प्रयोग लावला तर पुरुष येतात, बाया लांबून, दाराआडून पाहतात. देवळाच्या सभामंडपात सगळ्या वस्त्यांतले लोक सारख्याच मोकळेपणाने बसतील याची खात्री देता येत नाही. समाजमंदिर बहुधा एकेका समाजाच्या नावाने ओळखले जाते. घराच्या अंगणात मात्र बाया पुढच्या रांगेत बसतात, कडेवरच्या लेकरासकट बसतात, मध्येच उठून चुलीवरचे दूध उतरवून येतात आणि पुन्हा बसतात. जिल्हा परिषदेची शाळा सर्वांची असते, म्हणून पहिल्या प्रयोगासाठी ती उत्तम. एकाच गावात दोन वेगळ्या वस्त्यांत दोन प्रयोग करणे, हा एका मोठ्या प्रयोगापेक्षा केव्हाही चांगला मार्ग आहे.

जागा नाटकाला अर्थही पुरवते. कर्जाचे नाटक कापसाच्या जिनिंगमध्ये झाले, तर मागची गंजी वेगळे नेपथ्य मागत नाही. अशा ठिकाणी मशाल, पेट्रोमॅक्स किंवा कोणतीही उघडी ज्योत वापरू नये, कारण सरकी काढलेल्या रुईला ठिणगी पुरते.

प्रयोगाची व्यवस्था : उघड्यावर माइकशिवाय साठ-सत्तर माणसांपर्यंत आवाज नीट जातो, त्यापलीकडे नट ओरडू लागतो आणि जवळीक संपते. माइक नसण्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि खान्देशात शेतातून येऊन, जेवून माणसे निवांत होईपर्यंत नऊ वाजतात. विनाध्वनिक्षेपक प्रयोगाला हे वेळेचे जोखड नसते. सलग तासाभराचा, मध्यंतर नसलेला प्रयोग सोयीचा. प्रकाशासाठी दोन हॅलोजन पुरतात, मात्र ते प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून भिंतीकडे वळवावेत. वीज जाणारच असे धरून चार्जिंगचे दिवे हाताशी ठेवावेत. लोकांना तीन बाजूंनी सतरंजीवर बसवावे. खुर्च्या मांडल्या की त्यांवर गावातले मानकरी बसतात आणि बाकीच्यांना मागे सरकावे लागते. कापूस वेचणीच्या भरात माणसे दमलेली असतात, पावसाळ्यात अंगण हाती नसते. वेचणी उरकल्यापासून आखाजीपर्यंतचा (अक्षय्य तृतीयेपर्यंतचा) काळ त्यातल्या त्यात बरा.

कुत्रे मध्येच येते, कोणीतरी नटालाच 'अरे, तो चोर तिकडे गेला' असे सांगतो. हा व्यत्यय समजू नये. ज्या नटाला त्या माणसाला पात्रात राहून उत्तर देता येते, तोच या रंगभूमीचा नट.

संहिता : शहरी नाटकातली पात्रे कमी करून ते अंगणात बसवण्याचा प्रयत्न सहसा फसतो. संहिता त्या जागेसाठीच घडवावी लागते. जळगावच्या 'परिवर्तन' या संस्थेचे 'नली' हे एकलनाट्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. श्रीकांत देशमुख यांच्या लेखनाचे नाट्यरूपांतर शंभू पाटील यांनी केले, दिग्दर्शन योगेश पाटील यांचे आणि सादरीकरण हर्षल पाटील यांचे. नली या खेड्यातल्या मुलीची कहाणी एकटा नट उभी करतो, त्यामुळे तिला मोठा मंच लागत नाही. जालना जिल्ह्यातील जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांचे 'आकडा' हे नाटक गावातल्या वीजचोरीवर आहे. ज्यांच्या शिवारावरून उच्चदाबाच्या तारा जातात त्या दीपनगरभोवतीच्या गावांत हा विषय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तांगडे यांचे उदाहरण आणखी एका कारणाने मोलाचे : खेड्यातले तरुण केवळ प्रेक्षक नसून लेखक आणि नटही होऊ शकतात, हे त्यांच्या गावाने सिद्ध केले.

सद्यःस्थिती : जळगावात बालगंधर्व खुले नाट्यगृह आणि छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर अशा वास्तू आहेत, पण नाटक तिथवर आणणे आणि गावाने तिथवर जाणे यांत फरक आहे. रात्री परतीची एसटी नसते, म्हणून खेड्यातल्या बाईला तालुक्याच्या गावचे नाटकदेखील दूरच राहते. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग चौकटीच्या मंचावर होतात, त्यामुळे हौशी संस्थांची सारी शक्ती त्या मापाच्या नेपथ्यावर खर्च होते. तावडी आणि अहिराणीत अंगणासाठी लिहिलेल्या संहितांची आज सर्वाधिक गरज आहे. दीपनगरच्या नाट्यवेड्या मंडळींनी वर्षाकाठी एक तरी प्रयोग फेकरी किंवा साकरीच्या अंगणात न्यावा. त्यासाठी चार सतरंज्या, दोन दिवे आणि घरमालकाचा होकार एवढेच लागते.