मुदतीची करमणूक

कथा, नाटक किंवा खेळ यांचा आस्वाद घ्यावयाचा तर ती वस्तू आधी आपल्या मालकीची असली पाहिजे, ही समजूत आपल्याकडे फार अलीकडची आहे. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने आपली बरीचशी करमणूक पिढ्यान्‌पिढ्या मुदतीवर, म्हणजे अनामत ठेवून, वर्गणी भरून, शेजाऱ्याच्या मर्जीने किंवा तासाचे पैसे मोजून उपभोगली. आणि पुस्तके, दूरदर्शन व व्हिडिओ गेम या तिहींचे व्यसन जडलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास असे वाटते, की त्या मुदतीने आमची अभिरुची जितकी घडवली तितकी कोणत्याही टीकाकाराने घडवली नाही.

या वहिवाटीचा आरंभ कंपनी सरकारच्या अमदानीत सापडतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, तर पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची. पुढे ठाण्यास १८९३ मध्ये आणि मुंबईस १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली, ती मराठी ग्रंथांचे जतन व्हावे या उदात्त हेतूने; पण वर्गणीदार पैसे भरीत होते ते प्रामुख्याने कादंबरीसाठी, हे कोणत्याही जुन्या ग्रंथपालाने खाजगीत कबूल केले असते. गोविंद नारायणशास्त्री दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून रचलेली अद्भुतरम्य कथानके त्या काळी हातोहात फिरत, आणि जतनाचा हेतू कपाटात स्वस्थ बसून राही.

मुदतीशी ज्यांची लेखणी खरोखर जुळली ते मात्र बाबूराव अर्नाळकर. १९०६ साली जन्मलेल्या या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्याचे झुंजार, काळा पहाड, धनंजय व छोटू हे मानसपुत्र गिरगावापासून पेठांपर्यंत घरोघरी परिचयाचे झाले. गल्लीतील सर्क्युलेटिंग लायब्ररीत पुस्तकाचे भाडे दिवसावर आकारले जाई. त्यामुळे एका बैठकीत संपणारे, पहिल्याच पानावर पिस्तूल काढणारे सडपातळ पुस्तक वाचकाच्या खिशाला जितके मानवे तितके चारशे पानांचे सामाजिक चिंतन मानवत नसे. विद्वानांनी या कथांना उथळ म्हणून नाक मुरडले. परंतु उद्या सकाळी परत करावयाच्या पुस्तकाने रात्री झोप लागू देऊ नये, ही अपेक्षा ज्या नेकीने अर्नाळकरांनी पाळली ती उथळ लेखकाला साधणारी नव्हे. त्या प्रतींना पुठ्ठ्याची बांधणी असे, कोपरे तेलकट झालेले असत, आणि खुन्याचे नाव प्रथम येते तेथेच एखादा द्वाड वाचक पेन्सिलीने रेघ ओढून ठेवी. भाड्याच्या पुस्तकातला हा धोका सर्वांनी गृहीत धरलेला होता.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या मासिक मनोरंजनाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तिलाही पुढे वाचनालयांनी मुदतीच्या चौकटीत बसवले. दिवाळीपूर्वी वेगळी वर्गणी भरून घ्यावी आणि मग महिनोन्‌महिने अंक फिरत ठेवावेत, ही योजना अजून चालू आहे. चैत्रात हाती पडलेला दिवाळी अंक वाचताना कुणाला काही खटकत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा संच थोडे, त्यांवर डाकघरात भरावयाचे परवाना शुल्क, आणि प्रेक्षक मात्र अख्खी चाळ, असा प्रकार होता. येथे वेळ ठरविण्याचा अधिकार सरकारकडे आणि सतरंजीवरील जागा ठरविण्याचा अधिकार संचाच्या मालकिणीकडे असे. चि. वि. जोशांचे चिमणराव व गुंड्याभाऊ, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ही वाचनालयात भेटलेली मंडळी पडद्यावर आली, तेव्हा पुस्तकवाल्या शौकिनांनी ‘आमचा चिमणराव असा नव्हता’ म्हणून जी हुज्जत घातली, तिच्यात मालकी हक्काचा आवेश होता. पुस्तक भाड्याचे असले तरी चिमणराव स्वतःचा होता.

व्हिडिओ गेमचे पार्लर हे या परंपरेचे शेवटचे अपत्य. शासनाने त्यांस करमणूक शुल्काच्या कक्षेत आणून रीतसर मान्यता दिली, वडीलधाऱ्यांनी मात्र दिली नाही. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा न्याय ग्रंथालयाच्या उलट होता: तेथे सावकाश वाचणाऱ्यास जास्त पैसे पडत, येथे लवकर मरणाऱ्यास. निष्णात मुलगा एका नाण्यात अर्धी दुपार काढी, आणि त्याच्यामागे उभे राहून नुसते पाहणाऱ्यांना ती करमणूक फुकट मिळे. १९९० च्या दशकात जपानी फॅमिकॉम यंत्राच्या स्वस्त नकला आल्या आणि पार्लरवाले कॅसेट लावून तासावर भाडे घेऊ लागले, तेव्हा हे गणित पुन्हा पालटले. ‘काँट्रा’ या खेळात आरंभी वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे आणि शेवटी दोन बटने क्रमाने दाबली असता तीन ऐवजी तीस प्राण मिळतात, ही विद्या कोणत्याही छापील आधारावाचून, केवळ मुखपरंपरेने, गल्लोगल्ली पोहोचली होती. तासाचे पैसे भरलेल्या मुलाला आपल्या अडाणीपणाने पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर परतणे परवडणारे नव्हते, म्हणून ती टिकली.

त्या कॅसेटींवर नऊशे नव्व्याण्णवच काय, नऊ लक्ष नव्व्याण्णव हजार खेळ असल्याची ग्वाही छापलेली असे. प्रत्यक्षात मोजके पाचसात खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. भाडे तासाचे होते, आणि तासाभरात पाचांच्या पुढे जातो कोण?