प्रकाशाची स्थानबद्धता : एका जुन्या लेखाची दुरुस्ती

दिवाळीच्या आधी घराला रंग काढायचा, ही पद्धत अजून पुष्कळ घरांत टिकून आहे. पूर्वी चुन्याचे दोन हात दिले की भागत असे, आता डब्यातला पांढरा रंग आला. त्या डब्यात टायटॅनियम डायऑक्साइड या पदार्थाची अतिशय बारीक पूड असते. गंमत अशी, की या पुडीचा एकेक कण स्वतः पांढरा नसतो, तो जवळपास काचेसारखा रंगहीन असतो. मिठाचा मोठा खडा पारदर्शक दिसतो, पण बारीक मीठ पांढरे दिसते. काच कुटली तर तिचीही पांढरी पूड होते. हा पांढरेपणा येतो कुठून, या साध्या प्रश्नापासून पदार्थविज्ञानातली एक लांबलचक कथा सुरू होते.

ही कथा मी एकदा सांगितली आहे. २००८ साली एका दिवाळी अंकात मी या विषयावर लेख लिहिला होता. त्यात शेवटी मी ठामपणे लिहिले, की युरोपातल्या शास्त्रज्ञांनी पांढऱ्या पुडीत प्रकाश कोंडून दाखवला आहे. ते विधान पुढे टिकले नाही. ज्यांनी प्रयोग केला होता, त्यांनीच २०१६ साली आपला निष्कर्ष मागे घेतला. मला ते कळायला आणखी तीन वर्षे गेली, तेही एका व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारल्यामुळे. "सर, ते तर चुकीचं ठरलं ना?" असे ती म्हणाली आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केली आणि पदार्थविज्ञान वाचत वाचत शिकलो. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद खोडायची नसते. तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करायची, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतात. हा लेख म्हणजे तशी नोंद आहे.

एक टक्कर आणि हजार टकरा

प्रकाश हवेच्या रेणूवर किंवा धूलिकणावर आदळून निरनिराळ्या दिशांना विखुरतो, त्याला विकिरण म्हणतात. १८७१ साली लॉर्ड रॅले यांनी आकाशाच्या निळेपणाचे कारण यातूनच सांगितले. अतिसूक्ष्म कणांकडून लांब लहरींपेक्षा आखूड लहरी कितीतरी जास्त विखुरतात, म्हणून निळा रंग सगळ्या आकाशभर पसरतो. पन्नास वर्षांनी, १९२१ साली, चंद्रशेखर व्यंकट रामन विलायतेहून बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे त्यांनी प्रवासातच निरीक्षणे करून ताडले. त्याबद्दलचे पत्र त्यांनी 'नेचर'ला पाठवले, ते 'नरकुंडा' बोटीवरून, मुंबई बंदरातून.

आकाश निळे दिसते, कारण आपल्या डोळ्यांत येणारा बहुतेक प्रकाश वाटेत एकदाच विखुरलेला असतो. ढग, धुके, दूध, रंगाची पूड यांत मात्र तो शेकडो-हजारो वेळा विखुरतो. तिथे एकही रंग शोषला जात नसेल, तर सगळेच रंग कधी ना कधी परत बाहेर येतात आणि पदार्थ पांढरा दिसतो. या बहुविध विकिरणाचा हिशेब १९०५ साली आर्थर शूस्टर यांनी धुकट वातावरणासाठी मांडला. त्या शास्त्राला भक्कम रूप दिले ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी, १९५० सालच्या आपल्या ग्रंथात. ताऱ्यांच्या वातावरणापासून पृथ्वीवरच्या ढगांपर्यंत हे गणित आजही वापरले जाते.

या गणितात एक गृहीतक आहे. प्रकाश ही लहर आहे आणि दोन लहरी भेटल्या की त्यांचे व्यतिकरण होते. शिखरावर शिखर आले तर जोर वाढतो, शिखरावर खळगा आला तर दोन्ही नाहीशा होतात. पण हजार टकरांनंतर लहरींच्या चढउतारांचा मेळ पुरता मोडत असणार, तेव्हा फक्त तीव्रतांची बेरीज करावी, असे मानले गेले. मग प्रकाशाचा प्रवास गर्दीत वाट चुकलेल्या माणसासारखा होतो. तो हळू जातो, भरकटतो, पण शेवटी बाहेर पडतो. याला विसरण म्हणतात.

१९५८ : विसरणाचा अभाव

या गृहीतकाला धक्का बसला तो प्रकाशाच्या नव्हे, इलेक्ट्रॉनच्या अभ्यासात. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल प्रयोगशाळेत जॉर्ज फेहर हे सिलिकॉनवर प्रयोग करत होते. त्या सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे अणू इकडेतिकडे, कसल्याही क्रमाविना विखुरलेले होते. एका अणूपाशी केलेला बदल शेजाऱ्यांत पसरत जावा, अशी अपेक्षा. तो अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ जागच्या जागी राहत होता.

त्याच प्रयोगशाळेतले फिलिप अँडरसन यांनी याचा विचार केला. इलेक्ट्रॉनसुद्धा लहरीसारखा वागतो. मार्गातला बेशिस्तपणा एका मर्यादेपलीकडे गेला, तर विखुरलेल्या लहरी एकमेकींना अशा छेदतात, की लहर दूर पोचूच शकत नाही. ती एका छोट्या जागेत अडकून पडते. १९५८ सालच्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच 'विसरणाचा अभाव' होता. मराठीत या अडकण्याला मी 'स्थानबद्धता' म्हणतो. राजबंद्यांना स्थानबद्ध करतात तसेच हे आहे. समोर भिंत नाही, पण हद्दीबाहेर जाता येत नाही.

पहिली काही वर्षे या निबंधाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. केंब्रिजच्या नेव्हिल मॉट यांनी त्याचे महत्त्व ओळखले. १९६१ साली त्यांनी ट्वोज यांच्याबरोबर दाखवले, की एकाच रेषेत प्रवास असेल तर थोडा बेशिस्तपणाही स्थानबद्धतेला पुरतो. १९७७ साली अँडरसन, मॉट आणि जॉन व्हॅन व्लेक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात अँडरसन यांनी मोकळेपणाने सांगितले, की सुरुवातीला ज्यांना या कल्पनेचे महत्त्व पुरते कळले नव्हते, त्यांत तिचा जनकही होता.

१९७९ साली एलिहू अब्राहम्स, अँडरसन, डोनाल्ड लिच्चिआर्देल्लो आणि टी. व्ही. रामकृष्णन या चौघांचा निबंध आला. रामकृष्णन तेव्हा कानपूरच्या आयआयटीतून प्रिन्स्टनला गेलेले होते. नमुन्याचा आकार वाढवत नेला तर त्याची वाहकता कशी बदलेल, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. त्यांच्या उत्तरानुसार रेषेत आणि पातळ पापुद्र्यात लहर आज ना उद्या अडकतेच. लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशा खुल्या असतील, तर मात्र एक उंबरठा ओलांडावा लागतो.

उलट वाटेने आलेला पुरावा

लहर कोणाचीही असो, गणित तेच. मग प्रकाश का अडकू नये? पहिला पुरावा १९८४-८५ साली मिळाला. सिएटलमध्ये कुगा आणि इशिमारू यांनी, त्यानंतर ॲमस्टरडॅममध्ये व्हॅन अल्बाडा आणि लागेंडाइक यांनी आणि ग्रनोबलमध्ये वोल्फ आणि मारे यांनी पाण्यात सूक्ष्म गोळ्या मिसळून दुधासारखा द्रव केला आणि त्यावर प्रकाश टाकला. परत येणारा प्रकाश सगळ्या दिशांना जवळजवळ सारखाच होता, पण तो ज्या दिशेने आला नेमक्या त्याच दिशेला जास्त उजळ होता, आदर्श स्थितीत दुप्पट.

कारण समजायला सोपे आहे. एका चौकातून दोघेजण वाड्याला वळसा घालायला निघाले, एक डावीकडून, दुसरा उजवीकडून. वाट कितीही वेडीवाकडी असली तरी दोघांची पावले सारखीच भरणार आणि चौकात ते एकाच वेळी पोचणार. प्रकाशाच्या प्रत्येक वाटेला अशी एक उलट वाट असते. नेमक्या परतीच्या दिशेला त्या दोन लहरींचे चढउतार जुळतात. एक अधिक एक असे दोन न होता, दोनाचा वर्ग, म्हणजे चार होतात. कोजागिरीच्या आसपास चंद्र एकदम उजळतो, त्याच्या कारणांत याचीही गणना होते.

म्हणजे हजार टकरांनंतरही मेळ पुरता मोडत नाही. हे कळल्यावर संपूर्ण स्थानबद्धतेची आशा वाढली. भारतीय वंशाचे सजीव जॉन यांनी १९८४ पासून प्रकाशाच्या स्थानबद्धतेचे गणित मांडले. १९८५ साली खुद्द अँडरसन यांनी एक निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात पांढऱ्या रंगाचा उल्लेख होता आणि पुढे प्रश्नचिन्ह होते.

ते प्रश्नचिन्ह महत्त्वाचे होते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी केली की तो सहज अडकतो. प्रकाशाचे तसे नाही. तरंगलांबी फार वाढवली तर विकिरण क्षीण होते, फार कमी केली तर प्रकाश सरळ किरणांसारखा वागतो. मधल्या अरुंद पट्ट्यातच आशा, आणि तिथेही दोन टकरांमधले अंतर तरंगलांबीच्याही आत यावे लागते.

दावे आणि माघार

१९९७ साली फ्लॉरेन्स आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकाची पूड करून त्यात प्रकाश अडकल्याचे जाहीर केले. पुडीचा थर जाड करत नेला तसा पार जाणारा प्रकाश विसरणाच्या नियमापेक्षा फार झपाट्याने घटत होता. १९९९ साली गेओर्ग मारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पुडीने प्रकाश किंचित शोषला, तरी नेमकी अशीच घट दिसेल. कुलपात अडकलेले पैसे आणि खर्च झालेले पैसे, गल्ल्याकडे पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

मग मारे यांच्याच कोन्स्टान्झच्या गटाने वेगळा उपाय केला. प्रकाशाचा क्षणमात्र झोत सोडायचा आणि कोणता प्रकाश किती उशिरा बाहेर येतो ते मोजायचे. शोषण आणि अडकणे यांत इथे फरक करता येतो. २००६ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या पुडीत त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त प्रकाश उशिरा येताना दिसला. २०१३ साली आणखी एका पद्धतीने त्यांनी तोच निष्कर्ष काढला.

दरम्यान शंका वाढत होत्या. २०१४ साली स्किपेत्रोव्ह आणि सोकोलोव्ह यांनी गणिताने दाखवले, की प्रकाशाच्या लहरीला आडव्या कंपनाची दिशा असते. त्यामुळे दाटीने बसलेले बिंदुवत कण एकमेकांशी अशा रीतीने जोडले जातात, की स्थानबद्धता होतच नाही. २०१६ साली कोन्स्टान्झच्या गटाने, मारे यांच्यासह, आपलाच प्रयोग पुन्हा तपासला. उशिरा येणाऱ्या प्रकाशाचा रंग वेगळा काढून पाहिला, तर तो मूळ झोताचा नव्हताच. पुडीने थोडा प्रकाश गिळून नंतर दुसऱ्या रंगात परत सोडला होता. याला प्रतिदीप्ती म्हणतात, ट्यूबलाइटच्या आतला लेप हेच करतो. त्यांनी हे स्वतःच्या नावाने छापले. पूर्वी दुसऱ्यांच्या प्रयोगावर हरकत घेणाऱ्याने तीच कसोटी स्वतःलाही लावली.

आता माझी चूक. १९९९ सालची हरकत मी २००८ साली लेख लिहिताना वाचलेली होती. ती मी लेखात घेतली नाही, कारण वाचकाला क्लिष्ट वाटेल असे मला वाटले. खरे कारण असे, की हरकत घातली असती तर शेवटचे वाक्य ठाम राहिले नसते आणि मला ते वाक्य आवडले होते. औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसाला ठाम बोलण्याचा मोह जास्त होतो. लोक ऐकतात ते आपण ठाम बोलतो म्हणून, असे त्याला वाटत राहते.

आजची स्थिती अशी आहे. २००७ साली इस्राएलमधल्या प्रयोगात प्रकाश आडव्या दिशेला अडकलेला दिसला. २००८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये ॲल्युमिनियमच्या जोडलेल्या मण्यांत श्राव्यातीत ध्वनी तिन्ही दिशांनी अडकला. त्याच वर्षी पॅरिसजवळ आणि फ्लॉरेन्समध्ये अतिशीत अणू एका रेषेत अडकवले गेले. २०२३ साली संगणकावरच्या मोठ्या आकडेमोडीने दाखवले, की अपारदर्शक नसलेल्या गोळ्यांच्या पुडीत प्रकाश तिन्ही दिशांनी अडकत नाही, पण धातूच्या गोळ्यांत अडकू शकतो. निर्विवाद प्रयोग मात्र अजून बाकी आहे. अँडरसन यांचे प्रश्नचिन्ह अजून उभे आहे.

त्या विद्यार्थिनीचे नाव मी तेव्हा विचारले नाही. ती हा अंक वाचत असेल, तर तिला सांगायचे आहे : होय, ते चुकीचेच ठरले. तुझा प्रश्न बरोबर होता. भिंतीवरचा पांढरा रंग प्रकाशाला फार वेळ घुटमळत ठेवतो, पण त्याला सोडतोही. म्हणून तर भिंत उजळ दिसते.