ओआरएस कसं काम करतं? मीठ-साखरेच्या पाण्याने जीव का वाचतो?

नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ हरसूल आहे. डोंगराळ, आदिवासीबहुल आणि भरपूर पावसाचा हा भाग. पावसाळ्यात पिण्याचं पाणी गढूळ झालं की जुलाबाचा धोका वाढतो. पाड्यावरून दवाखाना गाठायला वेळ लागतो, पण लहान मुलाच्या शरीरातलं पाणी काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतं. अशा वेळी आशा सेविकेकडचं ओआरएसचं पाकीट जीव वाचवतं.

पण नुसतं पाणी का पुरत नाही? उत्तर आपल्या पेशींच्या आवरणात आहे.

पेशीत काय शिरतं, काय नाही?

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं दुहेरी, अतिशय पातळ आवरण असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात.

- विसरण: ऑक्सिजनसारखे वायू या पटलातून सहज जातात, जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे.
- परासरण: जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी जातं. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं ते यामुळेच.
- प्रथिनांची दारं: सोडिअम (मिठातला घटक) आणि ग्लुकोज यांना हे आवरण अडवतं. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची खास दारं असतात.
- पंप: काही प्रथिनं ऊर्जा खर्च करून उलट दिशेनेही वाहतूक करतात. सोडिअम-पोटॅशिअम पंप दर फेरीला ३ सोडिअम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशिअम आत घेतो. १९५७ मध्ये हे उलगडणारे डेन्मार्कचे येन्स स्को यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

या पंपामुळे पेशीत सोडिअम कमी राहतं. त्यामुळे दार उघडलं की बाहेरचं सोडिअम आत येतं.

जुलाबात काय बिघडतं?

कॉलऱ्याचं उदाहरण घ्या. त्याच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशींमधली क्लोराइडची दारं उघडी ठेवतं. क्लोराइड आतड्यात ओतलं जातं, त्यामागे सोडिअम आणि पाणीही जातं. नुसतं पाणी प्यायल्याने हे क्षार भरून निघत नाहीत आणि पाणीही नीट शोषलं जात नाही.

पण या आजारातही एक दार चालू राहतं. ते सोडिअम आणि ग्लुकोज दोघं एकत्र आले तरच आत सोडतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. दोघं आत गेले की परासरणाने पाणीही जातं. ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते, ती या दाराची किल्ली असते.

हे सिद्ध कुठे झालं?

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

जास्त साखर घातली तर?

उलटा परिणाम होतो. न शोषलेली साखर परासरणाने आतड्यातच पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूस हा पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं. शिवाय पोटॅशिअम क्लोराइड आणि सायट्रेटही असतं.

कसं द्यायचं?

- पाकिटावर लिहिलं असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. २४ तासांनंतर उरलेलं टाकून द्या.
- थोडं थोडं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा.
- पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते, कारण पिठूळ पदार्थ पचून त्यातूनही ग्लुकोजच मिळतं.
- अंगावरचं दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्या.

ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, ते गेलेलं पाणी भरून काढतं. म्हणून 'गुण येत नाही' असं वाटून ते बंद करू नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं किंवा पाणीही पिता येईना, तर लगेच दवाखान्यात न्या. वाटेतही ओआरएस पाजत राहा. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडाने काहीही देऊ नका.