वॉरेन घराण्याची वंशावळ : गुंद्राडेच्या पितृत्वाचा प्रश्न

इंग्लंडच्या इतिहासात सरेचे अर्ल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या वॉरेन घराण्याचे मूळ नॉर्मंडीत, द्येप बंदराच्या दक्षिणेस असलेल्या वारेन नदीच्या खोऱ्यात आहे. बेलाँकोंब्र येथील गढीजवळच्या याच नावाच्या एका लहानशा वाडीवरून कुळास हे नाव पडले. आपल्याकडे गावाच्या नावास 'कर' प्रत्यय लागून आडनाव सिद्ध होते, तसाच हा प्रकार होय. त्या काळी नॉर्मंडीत आडनावे नुकतीच रूढ होऊ लागली होती, आणि वतन बदलले म्हणजे सख्ख्या भावांची उपनामेही भिन्न होत. या एका गोष्टीमुळे अकराव्या शतकातील नॉर्मन वंशावळींचा अभ्यास किती निसरडा होतो, हे वॉरेन कुळाच्या उदाहरणाने चांगले दिसून येते.

या कुळाविषयी दोन प्रश्न दीर्घकाल वादग्रस्त राहिले. पहिला अर्ल विल्यम याची पत्नी गुंद्राडा ही विजेता विल्यम याची, निदान त्याची राणी मटिल्डा हिची कन्या होती काय, हा पहिला. खुद्द अर्ल विल्यमचे मातापिता कोण, हा दुसरा. हे प्रश्न वरकरणी स्वतंत्र दिसतात. परंतु दोन्हींच्या निर्णयात कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याच्या एकाच लहानशा पत्राची साक्ष काढावी लागते, आणि ती साक्ष एका ठिकाणी जितकी निःसंदिग्ध आहे तितकीच दुसऱ्या ठिकाणी अडचणीची आहे.

विल्यम द वॉरेनचे नाव 1054 च्या मॉर्तमेरच्या लढाईपासून ठळकपणे पुढे येते. या लढाईनंतर रॉजर द मॉर्तमेर याने शत्रुपक्षातील एका सरदारास सुखरूप जाऊ दिले, म्हणून ड्यूकने त्याची गढी काढून घेतली व ती तरुण विल्यमच्या स्वाधीन केली. 1066 मध्ये हेस्टिंग्जच्या रणभूमीवर तो हजर होता. तेथे हजर असल्याचे समकालीन पुराव्याने सिद्ध करता येते अशी माणसे फारच थोडी आहेत. विल्यम हा त्यांपैकी एक होय. पुढे ससेक्समधील लूइस, नॉर्फकमधील कासल एकर व यॉर्कशरमधील कॉनिस्बरो ही त्याची प्रमुख ठाणी झाली. 1088 मध्ये त्यास सरेची अर्लपदवी मिळाली आणि त्याच वर्षी पेव्हन्सीच्या वेढ्यात झालेल्या जखमेने तो मरण पावला. गुंद्राडा त्यापूर्वीच, 1085 च्या मे महिन्यात, कासल एकर येथे बाळंतपणात निवर्तली होती. या दांपत्याने लूइस येथे सेंट पँक्रसचा मठ स्थापन केला. क्लूनी संप्रदायाचा इंग्लंडमधील हा पहिला मठ. आपणास ज्या वादाचा विचार करावयाचा आहे, त्याचा उगम याच मठाच्या दप्तरात आहे.

लूइस मठाच्या सनदांचे संकलन 1444 मध्ये झाले. त्यातील स्थापनेच्या विस्तृत सनदेत विल्यम द वॉरेन राणी मटिल्डेचा उल्लेख 'माझ्या पत्नीची माता' असा करतो. दुसरी सनद विजेत्या विल्यमची असून तीत नॉर्फकमधील वॉल्टन हे गाव मठास दिले आहे. तिच्या प्रतीत गुंद्राडेच्या नावापुढे 'माझी कन्या' या अर्थाचे शब्द दोन ओळींच्या मधल्या जागेत वरून घातलेले आहेत. जुन्या कागदपत्रांशी ज्याचा संबंध आला आहे, त्यास अशा ओळीमधल्या शब्दांचे मोल निराळे सांगावयास नको. शिवाय स्थापनेच्या विस्तृत सनदेची भाषा व तीतील पाल्हाळ अकराव्या शतकास शोभणारा नाही. मठवासीयांना राजकुळाशी नाते जोडण्याचा मोह का झाला असावा, याचा तर्क करता येतो. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांच्या काळात परदेशी मातृमठांच्या अधीन असलेल्या मठांवर राजसत्तेची वक्रदृष्टी होती. अशा वेळी संस्थापिका राजकन्या होती असे दाखविता आले तर ते लाभाचेच होते. हा अर्थात तर्क आहे.

तथापि एकोणिसाव्या शतकात या नात्यावरील विश्वासास एका योगायोगाने मोठे बळ मिळाले. 1845 मध्ये लूइस येथे रेल्वेचा मार्ग खणताना उद्ध्वस्त मठाच्या सभागृहाच्या जागी शिशाच्या दोन पेट्या सापडल्या. त्यांवर विल्यम व गुंद्राडा ही नावे कोरलेली होती आणि आत अस्थी होत्या. गुंद्राडेच्या थडग्यावरील तूर्नेच्या काळ्या दगडाची कोरीव शिळा त्यापूर्वीच, 1775 मध्ये, आयस्फील्डच्या चर्चमध्ये मिळाली होती. तेथे ती शर्ली घराण्यातील एका गृहस्थाच्या थडग्यावर बसविलेली होती! या शिळेवरील लॅटिन पद्यात गुंद्राडेस ड्यूकांच्या कुळातील म्हटले आहे. अस्थी आणि शिळालेख दोन्ही हाती आल्यावर राजकन्येची कथा बहुतेकांस सिद्धच झाली असे वाटल्यास नवल नाही. परंतु ही शिळा गुंद्राडेच्या मृत्यूनंतर सुमारे अर्धशतकाहून अधिक काळाने, बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घडविलेली आहे. 'ड्यूकांचे कूळ' हे शब्दही स्तुतिपर पद्यातील आहेत. त्यांवरून पित्याचे नाव निष्पन्न होत नाही.

या कथेविरुद्ध पहिली मोठी हरकत ऑर्डेरिक व्हिटॅलिसची होती. सेंट एव्हरूल येथील हा भिक्षू नॉर्मन घराण्यांविषयी अत्यंत जाणकार होता. त्याने गुंद्राडेस फ्लँडर्सच्या गेरबोदची बहीण म्हटले आहे. हा गेरबोद काही काळ चेस्टरचा अर्ल होता. विजेत्या विल्यमच्या मुलींविषयी लिहिताना ऑर्डेरिक गुंद्राडेचे नाव घेत नाही. तिचा आणखी एक भाऊ फ्रेडरिक हा हियरवर्डच्या हातून मारला गेला. त्याच्या जमिनी वॉरेनकडे आल्या आणि 1086 च्या डूम्सडे पाहणीत नॉर्फकच्या प्रकरणात त्या फ्रेडरिकच्याच नावाने नोंदलेल्या आढळतात. म्हणजे गुंद्राडेचे माहेर फ्लेमिश होते आणि तिच्या भावांची नावे आपणास ज्ञात आहेत.

ऑर्डेरिक आणि लूइसची सनद यांचा मेळ घालण्यासाठी टॉमस स्टेपल्टन याने 1846 मध्ये एक चतुर उपपत्ती मांडली. मटिल्डेचा ड्यूकशी विवाह होण्यापूर्वी गेरबोद नावाच्या एका फ्लेमिश सरदाराशी विवाह झाला होता व गुंद्राडा, गेरबोद आणि फ्रेडरिक ही त्या विवाहाची अपत्ये होत, असे त्याचे म्हणणे. 1049 च्या रेम्सच्या धर्मपरिषदेने ड्यूक व मटिल्डा यांच्या विवाहास बंदी का घातली, याचेही उत्तर या उपपत्तीने आपोआप मिळत होते. नॉर्मन विजयाचा थोर इतिहासकार फ्रीमन यानेही ती उपपत्ती आपल्या ग्रंथात स्वीकारली. एकाच कल्पनेने दोन कोडी सुटत असली की अभ्यासकाने अधिक सावध व्हावे हे खरे. पण तसे होणे फार कठीण असते.

या उपपत्तीस मूठमाती दिली ती अँसेल्मच्या पत्राने, आणि त्याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः चेस्टर वॉटर्स याचे. राजा पहिला हेन्री आपली एक अनौरस कन्या दुसरा अर्ल विल्यम द वॉरेन, म्हणजे गुंद्राडेचाच पुत्र, यास देऊ इच्छित होता. त्याने अँसेल्मचा सल्ला विचारला. अँसेल्मने हा विवाह धर्मसंमत नाही असे कळविले. कारण वधूवर एका बाजूने चौथ्या व दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत एकमेकांचे रक्तसंबंधी होते.

हे उत्तर समजण्यास त्या काळच्या चर्चचा विवाहनियम ध्यानी घेतला पाहिजे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ही मर्यादा चार पिढ्यांवर आणली. तोपर्यंत सात पिढ्यांच्या आतील रक्तसंबंध विवाहास बाधक मानला जाई. मराठी वाचकास सापिंड्याची कल्पना परिचित असल्याने या नियमाचे विशेष आश्चर्य वाटणार नाही. मोजण्याची रीत मात्र भिन्न आहे : आपल्या शास्त्रात मूळ पुरुष धरून मोजतात, तर येथे मूळ पुरुषाची मुले ही पहिली पिढी. या रीतीने हिशेब करून पाहावा. गुंद्राडा मटिल्डेची कन्या असती, तर मटिल्डेच्या खाली गुंद्राडा पहिली आणि तिचा पुत्र विल्यम दुसरा. तसाच हेन्री पहिला आणि त्याची कन्या दुसरी. म्हणजे वधूवर आतेमामेभावंडे ठरतात! ज्यास दुसऱ्या पिढीचे नाते दाखवून क्षणात विवाह मोडता आला असता, तो अँसेल्म चौथ्या आणि सहाव्या पिढीचे नाते कशासाठी शोधीत बसेल? पिता गेरबोद मानला काय किंवा राजा मानला काय, मटिल्डा माता ठरताच पत्राचा अर्थ लागत नाही. फ्रीमनने 1888 मध्ये आपले पूर्वीचे मत जाहीरपणे मागे घेतले, याचे कारण हेच. त्याच्या सचोटीचे हे उदाहरण संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी मुद्दाम वाचण्याजोगे आहे.

इथवर पत्राची साक्ष निर्णायक ठरते. पण मग अँसेल्मच्या मनातील ते नाते कोणते? येथून दुसऱ्या प्रश्नास प्रारंभ होतो.

ड्यूक पहिला रिचर्ड याची पत्नी गुनोर हिच्या माहेरच्या माणसांस नॉर्मंडीत विलक्षण उत्कर्ष प्राप्त झाला. रॉबेर द तोरिन्यी या इतिहासकाराने बाराव्या शतकात गुनोरच्या बहिणी व भाच्या यांच्या विवाहांची नोंद केली. माँगोमेरी, ब्यूमाँ, जिफार्ड, वॉरेन अशी अनेक मातब्बर घराणी त्याने या एकाच स्त्रीच्या माहेराशी जोडली आहेत. त्याच्या लेखनात एक मौजेची कथा आहे : ड्यूक एका वनपालाच्या पत्नीवर लुब्ध होऊन तिच्या घरी आला असता तिने रात्री आपल्या जागी आपली बहीण गुनोर पाठविली, आणि ड्यूकला ही फसवणूक पुढे गोडच वाटली. कथा जाऊ द्या. वॉरेनविषयी तोरिन्यी म्हणतो की गुनोरची एक भाची पहिल्या विल्यमच्या पित्यास दिली होती आणि तिच्या पोटी विल्यम व रॉजर द मॉर्तमेर हे दोघे बंधू जन्मले.

हे विधान जसेच्या तसे घेतले, तर हिशेब सुरेख जुळतो. गुनोरचे मातापिता हे मूळ. एका शाखेत गुनोरची बहीण, भाची, पहिला विल्यम, दुसरा विल्यम, अशा चार पिढ्या. दुसऱ्या शाखेत गुनोर, दुसरा रिचर्ड, रॉबेर, विजेता विल्यम, हेन्री, त्याची कन्या, अशा सहा. अँसेल्मचे 'चौथी' आणि 'सहावी' हे शब्द दोन शाखांच्या लांबीस तंतोतंत लागू पडतात.

परंतु सनदा निराळे सांगतात. 1027 ते 1035 च्या दरम्यानच्या दोन सनदांत रोडुल्फ द वॉरेन हे नाव येते. सुमारे 1050 च्या सनदेत रोडुल्फची पत्नी बिआट्रिस आहे. 1059 च्या सनदेत रोडुल्फची पत्नी एम्मा असून रोडुल्फ व विल्यम हे पुत्र आहेत. लॉइड याने 1933 मध्ये या कुळाच्या मुळाविषयी लिहिलेला निबंध दीर्घकाल प्रमाण मानला गेला. रोडुल्फ एकच व त्याच्या पत्नी दोन, ही मांडणी त्यामुळे रूढ झाली. यात तोरिन्यीची भाची म्हणजे बिआट्रिस आणि विल्यम तिचा पुत्र, असे मानावे लागते. अडचण अशी की 1059 ची सनद विल्यमची माता म्हणून एम्मेकडे बोट दाखविते. शिवाय ऑर्डेरिक विल्यमला रॉजर द मॉर्तमेरचा 'रक्तसंबंधी' म्हणतो, बंधू म्हणत नाही. आणि रॉजर वयाने एक पिढी वडील दिसतो.

1993 मध्ये कॅथरिन कीट्स-रोहन यांनी सनदांची फेरतपासणी करून रोडुल्फ हे दोन होते असे प्रतिपादिले. पहिला रोडुल्फ व बिआट्रिस यांचे पुत्र रॉजर द मॉर्तमेर आणि दुसरा रोडुल्फ. दुसरा रोडुल्फ व एम्मा यांचे पुत्र तिसरा रोडुल्फ आणि विल्यम. म्हणजे रॉजर हा विल्यमचा चुलता. तोरिन्यीने दोन पिढ्यांची एक केली. त्याच्या इतर वंशावळींतही पिढ्या कमी भरतात, हे लक्षात घेता ही उपपत्ती बळकट आहे. येथे भाषेचाही सापळा आहे. लॅटिनमधील 'नेपोस' या एका शब्दात आपले पुतण्या, भाचा आणि नातू हे तिघेही सामावतात. ज्या भाषेत नात्यांचे शब्द इतके सैल, तिच्यात एखादी पिढी गळणे फारसे अवघड नाही.

पण हे स्वीकारले की अँसेल्मचा हिशेब बिघडतो. बिआट्रिस ही स्वतः भाची मानली, तर दुसरा विल्यम पाचव्या पिढीत येतो. ती रूआँचा व्हायकाउंट तेस्लँ याची कन्या असून तिची माता गुनोरची भाची, असेही सुचविले गेले आहे. तसे मानले तर तो सहाव्यात जातो. चौथी पिढी कोठेच मिळत नाही. एम्मा हीच भाची मानून सनद, तोरिन्यी आणि अँसेल्म या तिघांचा मेळ घालता येईल. परंतु गुनोरचा पुत्र 996 मध्ये गादीवर आला होता, आणि तिची भाची 1054 मध्ये तरुण असलेल्या योद्ध्याची माता असणे कालदृष्ट्या ओढाताणीचे आहे.

प्रस्तुत लेखकाचा कल कीट्स-रोहन यांच्या मांडणीकडे आहे. सनद ही व्यवहारासाठी, माणसे हयात असताना लिहिलेली. वंशावळ ही स्मरणाने सांगितलेली. अँसेल्मपुढे जी वंशावळ आली, ती कोणीतरी तोंडी सांगितलीच असली पाहिजे. तशा वंशावळी त्या काळी सिद्ध होत होत्या, याचे प्रमाण शार्त्रचा बिशप इव्हो याच्या पत्रात मिळते. हेन्रीच्या दुसऱ्या एका कन्येच्या विवाहास आक्षेप घेताना त्याने गुनोर व तिची बहीण सेन्फ्रिया यांच्यापासून एकेक पिढी मोजून दाखविली आहे. तेव्हा तोरिन्यीची चूक त्याची एकट्याची नसावी. एक रोडुल्फ गळालेली वंशावळ तोरिन्यीपूर्वीच, कदाचित वॉरेन कुळातच, प्रचलित असावी आणि अँसेल्मने तीच प्रमाण मानून चार पिढ्या मोजल्या असाव्यात. असे असले तरी गुंद्राडेविषयीचा निष्कर्ष ढळत नाही. लांबच्या पूर्वजांत एक पिढी विसरणे शक्य आहे. वराची आजी इंग्लंडची राणी होती, हे वराच्या हयातीत राजा आणि आर्चबिशप दोघेही विसरणे शक्य नाही.

हा विवाह अखेर झाला नाही. दुसऱ्या विल्यमने पुढे म्यूलाँच्या रॉबेरची विधवा, व्हर्मांद्वाची एलिझाबेथ, हिच्याशी विवाह केला. त्याचा पुत्र तिसरा अर्ल 1148 मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धात पडला. पुरुषवंश तेथे खुंटला आणि वारसा कन्या इझाबेलकडे गेला. तिचा दुसरा पती हॅमेलिन हा राजा दुसरा हेन्री याचा अनौरस बंधू. त्याच्या वंशजांनी वॉरेन हेच नाव चालविले आणि ते 1347 पर्यंत टिकले. म्हणजे लूइसच्या मठात 1444 मध्ये सनदा उतरल्या जात होत्या, तेव्हा वॉरेन अर्लांच्या नसांत राजरक्त खरोखरच वाहून गेले होते. ते गुंद्राडेकडून मात्र आले नव्हते.