जायकवाडीला जायचंय? नाथसागरावर एक दिवस : कधी जावं, काय पाहावं आणि पाण्याजवळ काय टाळावं

पैठण : पावसाळा सरला, धरण भरल्याची बातमी मोबाईलवर आली, की छत्रपती संभाजीनगर शहरातली आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली मंडळी डबे बांधून पैठणच्या वाटेला लागतात. नाथांचं दर्शन, धरणाचं पाणी आणि सावलीला बसून भाकरी, एवढ्यात दिवस मजेत जातो. खर्चही फार नाही. पण हे पाणी जेवढं शांत दिसतं तेवढं ते साधं नाही. त्यामुळे निघण्याआधी धरणाची थोडी माहिती असलेली बरी.

नाव जायकवाडी, धरण पैठणला

अनेकांना प्रश्न पडतो, की धरण पैठणला आहे तर नाव जायकवाडी का? जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं गाव. हैदराबाद संस्थानाच्या काळात धरणाची पहिली योजना तिथली होती. पुढे जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात.

धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मातीच्या या धरणाची लांबी जवळपास १० किलोमीटर, उंची सुमारे ४१ मीटर आणि दरवाजे २७. पूर्ण भरल्यावर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं, म्हणून काठावर उभं राहिलं तर समोरचा किनारा दिसत नाही.

डावा कालवा २०८ किलोमीटरचा. तो संभाजीनगर, जालना, परभणी जिल्ह्यांकडे जातो. उजवा कालवा १३२ किलोमीटरचा, त्याचं पाणी माजलगाव धरणापर्यंत पोहोचतं. संभाजीनगर आणि जालना शहरांचं पिण्याचं पाणी, तसंच औद्योगिक वसाहतींचं पाणीही याच साठ्यातून उचललं जातं.

बातमीतले आकडे कसे वाचायचे?

जाण्याआधी धरणात किती पाणी आहे आणि विसर्ग सुरू आहे का, हे बघणं गरजेचं. त्यासाठी चार शब्द लक्षात ठेवा.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर (दलघमी).

एकूण साठा : २,९०९ दलघमी, म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी.

जिवंत साठा : २,१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.६ टीएमसी. बातम्यांमधली टक्केवारी याच साठ्याची असते. त्यामुळे 'शून्य टक्के' आलं म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही. त्याखाली ७३८ दलघमी मृतसाठा असतो. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यात गेलं होतं.

क्युसेक : एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर पाणी. १० हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर पाणी नदीत. हा आकडा डोळ्यांसमोर आणला, की दरवाजे उघडे असताना नदीपात्रात का उतरू नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

कधी जावं?

ऑगस्ट ते ऑक्टोबर : पाणी सगळ्यात जास्त. दरवाजे उघडले तर ते बघायला मोठी गर्दी होते. वाहनं लांब लावावी लागतात आणि पोलीस सांगतील तिथूनच बघावं लागतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : कुटुंबासोबत जायला हा काळ सर्वात चांगला. ऊन सोसवतं आणि पाहुणे पक्षीही आलेले असतात.

मार्च ते मे : ऊन कडक. गेलातच तर सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत सावलीला या. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. दिंड्या येतात, पैठण माणसांनी फुलून जातं. त्या दिवसांत निवांत सहल होत नाही, वारी मात्र होते.

कसं जावं?

संभाजीनगरहून पैठण साधारण ५० किलोमीटर. वाटेत चितेगाव, बिडकीन, ढोरकीन लागतं. संभाजीनगरहून पैठणला एसटी बस जातात. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास. ज्येष्ठांनी आधार कार्ड सोबत ठेवावं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पैठण स्थानकात उतरल्या उतरल्याच विचारून घ्या.

दिवसाचा बेत

सकाळी : आधी नाथांचं दर्शन. गावातला नाथांचा वाडा आणि गोदाकाठचं समाधी मंदिर ही दोन वेगवेगळी ठिकाणं आहेत, दोन्ही बघावीत. जवळच नागघाट आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते हेच ठिकाण, अशी श्रद्धा आहे. शाळकरी पोरं सोबत असतील तर त्यांना सांगा, की पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी.

दुपारी : हातमागावर पैठणी कशी विणतात ते बघता येतं. रेशमाचा ताणा, जरीचा पदर आणि त्यावरचा मोर एकेका धाग्यानं उभा राहताना पाहिला, की साडीची किंमत एवढी का, हे कळतं. धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ते उभारलं गेलं. मधल्या काळात त्याची बरीच दुरवस्था झाली, दुरुस्तीची कामंही निघाली. त्यामुळे निघण्याआधी उद्यान उघडं आहे का, हे पैठणमधल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा.

सायंकाळी : धरणाचा परिसर. भिंतीवर सगळ्यांना सरसकट सोडत नाहीत. सुरक्षा रक्षकाशी वाद घालू नये. दोन शहरांचं पिण्याचं पाणी इथून जातं, त्यामुळे तेवढी काळजी घेतली जाणारच.

पक्षी बघायचे असतील तर

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. चक्रवाक, थापट्या, कांड्या करकोचे दिसतात. पाणी उथळ झालं की गुलाबी पायांचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चिखलात चोच घालून चरताना दिसतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा एक पाणपक्षी थव्यानं तरंगतो. कपाळावर टिळा लावल्यासारखा दिसतो म्हणून त्याला वारकरी म्हणतात. नाथांच्या गावी हे नाव शोभतंही.

पक्षी सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत चांगले दिसतात. भडक कपडे घालू नका, मोबाईलवर गाणी लावू नका, थव्याच्या मागे पळू नका. एकदा उठलेला थवा पुन्हा बसेपर्यंत त्याची बरीच ताकद खर्च होते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला ती साठवून ठेवायची असते.

गंगापूर, नेवाशाकडच्या मंडळींना पैठणला जायचं नसेल तर कायगाव टोका जवळ पडतं. तिथं प्रवरा गोदावरीला मिळते. जुनी दगडी मंदिरं आणि फुगवट्याचं पाणी, अर्धा दिवस छान जातो.

पाणी शांत, पण तळ फसवा

धरणाच्या पाण्यात बुडून जाणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. त्यामागची कारणं समजून घ्यावीत.

१. धरणासाठी पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली शंभरहून अधिक गावं बाधित झाली. पाण्याखाली त्या गावांच्या विहिरी, नाले, जोती आहेत. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं आणि खाली जुनी विहीर असली तर पाय टेकत नाही.

२. पाणी ओसरलेल्या काठावर वरून पापुद्रा वाळलेला असतो, खाली गाळ ओला असतो. त्यात पाय रुततो आणि ओढावा तेवढा आणखी आत जातो.

३. उन्हाळ्यात गाळ आणि मुरूम उपसलेले खड्डे पावसाळ्यात भरतात, वरून ओळखू येत नाहीत. मासेमारीची जाळीही पाण्याखाली असतात.

४. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्र कोरडं दिसलं तरी विसर्ग वाढला की पाणी वेगानं चढतं. भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका, माणसं वर काढा. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीचं पाणी पैठण शहरात शिरलं होतं, ते जुन्या लोकांना अजून आठवतं.

कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. दोर, साडी, ओढणी, काठी फेका. तोंड घट्ट बंद केलेला रिकामा पाच लिटरचा कॅन तरंगायला कामी येतो. सहलीला निघताना गाडीत एक कॅन आणि वीस हात दोर टाकायला काहीच खर्च नाही. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. होडीत बसायचं तर लाईफ जॅकेट घालूनच. आभाळ गडगडायला लागलं की पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून लांब राहा.

जाताना मागं काय ठेवाल?

पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या वाऱ्यानं थेट पाण्यात जातात आणि तेच पाणी नळाला येतं. काचेची बाटली फुटली तर ती मच्छीमाराच्या किंवा गुराख्याच्या पायात जाते. कचऱ्यासाठी घरूनच एक पोतं न्यावं. काठावरच्या ओल्या जमिनीत पीक दिसलं तर ते गाळपेराचं असतं, कुणीतरी पेरलेलं असतं. त्यात गाडी घालू नये, हरभरा उपटू नये.

पाणी खूप उतरलं की काही ठिकाणी जुन्या घरांची जोती आणि देवळांचे दगड उघडे पडतात. पर्यटकांना ते फोटोसाठी बरं दिसतं. पण पुनर्वसित गावांतली म्हातारी माणसं तिथं येऊन आपला उंबरा कुठं होता ते शोधतात. मराठवाड्याच्या शिवारात आणि नळाला जे पाणी येतं, ते त्यांच्या घरांवरून आणि काळ्या जमिनीवरून येतं. नाथसागराच्या काठावर भाकरी सोडताना पोरांना एवढं जरूर सांगावं.